छापायचं बटण गेलं कुठं?

(दृश्य : लातूरचा मोंढा. सौदा नुकताच आटोपलाय. आडतीच्या गादीवर नवा लॅपटॉप.)

सोयाबीनचा सौदा झाला की आडत दुकानात गर्दी होते ती पट्टीसाठी. कट्टे किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात काय येणार, हे सगळं एका कागदावर छापून शेतकऱ्याला द्यायचं. पूर्वी मुनीमजी हातानं लिहायचे. आता प्रोग्रॅम छापतो. आज मात्र छापायचं बटणच गायब आहे.

"ओ दादा, ते छापायचं बटन दिसंना झालंय बघा. जुन्या कॉम्प्युटरवर व्हतं की!"

फोन लागतो तो शहरातल्याच एका दोन खोल्यांच्या ऑफिसात. प्रोग्रॅम इथंच लिहिलेला, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. दादा आधी विचारतात, एरर काही येतेय का? येत नाही. अशा तक्रारीत हीच पंचाईत असते. प्रोग्रॅमच्या मते सगळं ठणठणीत असतं, बटण जागेवर असतं, फक्त माणसाला ते दिसत नसतं.

"मुनीमजी, मोबाइलवर फोटो काढून पाठवा. पण अख्ख्या स्क्रीनचा. चारी कोपरे आले पाहिजेत."

चारी कोपऱ्यांचा हट्ट उगाच नाही. नुसत्या विंडोचा स्क्रीनशॉट आला तर ती स्क्रीनवर कुठं बसलीय, कशाखाली दबलीय, हे कळायला मार्ग नसतो.

(दृश्य : मोबाइलवरचा फोटो. विंडोची खालची कड टास्कबारमागे, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या आयकॉनांच्या ओळीमागे, गेलेली.)

आता हिशोब बघा. जुनी स्क्रीन १३६६ बाय ७६८ पिक्सेलची, म्हणजे आडवे ठिपके १३६६, उभे ७६८. विंडोज ७ चा टास्कबार ४० पिक्सेल घेतो, उरतात ७२८. विंडोची उंची ७००. बसली.

नवा लॅपटॉप विंडोज ११ चा, स्क्रीन १९२० बाय १०८०. म्हणजे जागा वाढायला हवी. पण एवढ्याशा स्क्रीनवर एवढे पिक्सेल दाटीनं बसवले की अक्षरं बारीक दिसतात, म्हणून विंडोज सगळंच मोठं करून दाखवतं. इथं हे स्केलिंग १५० टक्के आहे. १०८० भागिले दीड, ७२०. त्यातून टास्कबारचे ४८ वजा करा. राहिले ६७२. आणि विंडो तीच, ७०० ची. खालचे २८ टास्कबारच्या मागे, आणि बटण नेमकं त्याच २८ मध्ये. स्क्रीन महाग झाली, जागा कमी झाली!

जुन्या जावात हे घडलं नसतं. विंडोजवर हे स्केलिंग जावा मानायला लागलं ते आवृत्ती ९ पासून, म्हणजे २०१७ पासून. नव्या लॅपटॉपवर जावाही नवीच टाकलेली.

फोनवरून तात्पुरता इलाज सांगितला जातो : टास्कबार आपोआप लपेल अशी सेटिंग करा. ४८ परत मिळतात, बटण वर येतं, पट्ट्या छापायला लागतात. बरेच जण इथंच थांबतात. किंवा ग्राहकाला सांगतात, स्केलिंग १०० करून टाका. हा इलाज नव्हे. साठी ओलांडलेल्या मुनीमजींना मुंगीएवढी अक्षरं वाचायला लावायची, कारण आपण उंची आकड्यात लिहून ठेवली!

खरं काम कोडमध्ये आहे. प्रत्येक बटणाला "इतक्या पिक्सेलवर बस" असं सांगितलेलं काढायचं आणि मांडणी लेआउट मॅनेजरवर, म्हणजे जागा बघून बटणं बसवणाऱ्या जावाच्याच सोयीवर, सोडायची. टास्कबार सोडून जागा किती, हे सिस्टिमलाच विचारायचं. छापायचं बटण तळाशी पक्कं करायचं आणि मालाची यादी लांबली तर यादीनं स्क्रोल व्हायचं. आणखी एक : विंडोला दिलेल्या त्या ७०० मध्ये टायटल बार आणि कडाही धरलेल्या असतात. त्यांची मापं विंडोजवर वेगळी, लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवर वेगळी. म्हणून माप आतल्या मजकुराचं द्यायचं, चौकट ज्याची त्यानं लावावी.

(दृश्य : नांदेड. बियाणांचं दुकान, जुना डेस्कटॉप, त्यावर उबंटू, लिनक्सचाच एक प्रकार.)

इथली तक्रार वेगळीच. मालाच्या यादीत तूर नाही, "तर" आहे. मूग नाही, "मग" आहे. डेटाबेसमध्ये नावं बरोबर. पण ओळीची उंची विंडोजच्या देवनागरी फॉन्टवर बेतून पक्की केलेली, आणि उबंटूनं आपल्याकडचा दुसरा फॉन्ट उचलला. अक्षरं जराशी खाली उतरली आणि ऊकार कापले गेले. इंग्रजीत चाचणी घेऊन हे कधीच सापडलं नसतं. आता ऑफिसात चाचणीचा एक ठरलेला शब्द आहे : "पूर्तिपूर्व". रफार वर, ऊकार खाली. दोन्ही शाबूत दिसले की ओळ पास.

छत्रपती संभाजीनगरात एका सीएंकडे मॅक आहे. तिथं काही कापलं जात नाही, पण "रद्द" आणि "ठीक" यांच्या जागा विंडोजच्या उलट. मॅकवर होकाराचं बटण उजवीकडे असतं. ते मॅकच्या रीतीनंच राहू दिलंय, आणि ते योग्यच आहे. विंडोजच्या सवयीनं हात चुकतो, पण मॅकवरच्या बाकीच्या प्रोग्रॅमांत तोच हात बरोबर पडतो.

उरला दोन स्क्रीनचा घोळ. लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडायचा, विंडो त्यावर न्यायची, संध्याकाळी मॉनिटर काढून लॅपटॉप घरी. घरी प्रोग्रॅम उघडला की विंडो उघडते ती नसलेल्या मॉनिटरवर! विंडोजवर अशा वेळी ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाची कळ दाबत विंडो ओढून आणता येते. नव्या आवृत्तीत प्रोग्रॅम उघडतानाच बघतो : लक्षात ठेवलेली जागा आत्ताच्या एखाद्या स्क्रीनवर पडतेय का? नसेल तर सरळ मधोमध.

उबंटूच्या नव्या आवृत्त्यांवर मात्र ही जागा लक्षात ठेवायचा नाद सोडलाय. तिथं स्क्रीनवर विंडो दाखवायचं काम वेलँड ही व्यवस्था बघते, आणि आपली विंडो स्क्रीनवर नेमकी कुठं आहे हे वेलँड प्रोग्रॅमला सांगतच नाही. नांदेडचे दुकानदार म्हणाले, "मधी उघडली तरी चालतंय. तूर नीट दिसू द्या."