खरपूस कातडी आणि तळाची खरवड

संध्याकाळचे साडेसात. ओट्यावर कोंबडीच्या मांडीचे चार तुकडे आहेत, हाडासकट आणि कातडीसकट, एकूण वजन साधारण 700 ग्रॅम. शेजारी एक लहान कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धे लिंबू आणि बटरचा एक तुकडा. दिवसभराच्या कामानंतर स्वयंपाकाला उभ्या राहिलेल्या माणसाजवळ पाऊण तास आहे, आणि तेवढ्या वेळात पाहुण्यांपुढेही निःसंकोच ठेवावा असा पदार्थ एवढ्याच साहित्यातून होतो. मात्र त्यासाठी जिन्नस वाढवण्यापेक्षा कातडीतले पाणी घालवण्याकडे लक्ष द्यावे लागते.

म्हणूनच या पदार्थाची सुरुवात आज सकाळी, घराबाहेर पडण्यापूर्वीच झाली आहे. मांसाच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे 7 ग्रॅम मीठ तुकड्यांना सगळीकडून चोळून ते कातडी वर ठेवून, न झाकता, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवले होते. मीठ लागताच मांसातून पाणी सुटते, त्या पाण्यात मीठ विरघळते आणि हळूहळू ते खारे पाणी मांसात परत शोषले जाते. या फेऱ्याला पाऊण तास तरी लागतो. त्यामुळे मीठ एक तर असे बऱ्याच आधी लावावे, नाही तर तुकडे पॅनमध्ये ठेवण्याच्या अगदी क्षणी. दहा-पंधरा मिनिटे आधी लावलेले मीठ मात्र सर्वांत वाईट, कारण तेव्हा पाणी बाहेर आलेले असते आणि आत गेलेले नसते. तुकडे नळाखाली धुण्याचीही गरज नाही. धुण्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात, आणि दिवसभर वाळलेली कातडी पुन्हा ओली होते. कागदी रुमालाने एकदा टिपून घेतले की पुरे.

पाण्याचा एवढा बाऊ कशासाठी, याचे उत्तर पॅनमध्ये आहे. पृष्ठभागावर ओल असेपर्यंत तिथले तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, कारण आचेची सारी शक्ती त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मांसाला तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास देणारी प्रक्रिया मात्र साधारण 140 अंशांच्या आसपास जोर धरते. अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील या अभिक्रियेचे वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. इथे एक जुना समज दूर करायला हवा. मांस आधी मोठ्या आचेवर भाजले की त्याची रंध्रे बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, हे मत एकोणिसाव्या शतकात युस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे सर्वत्र पसरले. ते बरोबर नाही. भाजल्यानंतरही मांसातून रस सुटतच राहतो. भाजायचे ते चवीसाठी.

आता एक गोष्ट नीट पाहावी: पॅन थंड आहे. जाड बुडाच्या पॅनमध्ये चमचाभर तेल पसरून तुकडे कातडी खाली करून ठेवले आहेत आणि त्यानंतरच मध्यम आच लावली आहे. आधीच कडक तापलेल्या पॅनमध्ये कातडीचा वरचा थर लगेच करपतो आणि खालची चरबी तशीच जाड, रबरासारखी राहते. थंड पॅनमधून सावकाश तापत गेल्यास ती चरबी वितळून बाहेर येते आणि कातडी स्वतःच्याच चरबीत तळली जाते. कातडी आक्रसून तुकडे वाकू नयेत म्हणून पहिली पाच मिनिटे त्यांच्यावर एक जड झाकणी ठेवावी. पुढची तेरा-चौदा मिनिटे त्यांना हात लावू नये. माझ्या मते या स्वयंपाकातील सर्वांत अवघड काम हेच आहे. या वेळात कान उपयोगी पडतात: सुरुवातीची जोरदार तडतड हा पाण्याचा आवाज असतो, आणि तो खाली येऊन संथ, एकसारखा झाला की पाणी संपत आल्याचे समजावे. तयार झालेली कातडी पॅनपासून आपण होऊन सुटते. उलथन्याने खरवडावे लागत असेल, तर तिला आणखी दोन मिनिटे द्यावीत.

तुकडे उलटल्यावर आठ ते दहा मिनिटे लागतात. कोंबडीचे मांस 74 अंशांना खाण्यास सुरक्षित होते, पण मांडीत संयोजी ऊती, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे, भरपूर असल्याने ती 80 ते 85 अंशांपर्यंत नेली तर त्यातील कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे मऊ जिलेटिन होते आणि मांस मऊ, रसाळ लागते; छातीचे मांस याच तापमानाला कोरडे पडले असते. थकलेल्या संध्याकाळी मांडी निवडावी ती यासाठी, कारण पाच मिनिटांची चूक ती सहज पोटात घालते. मांस शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. पूर्ण शिजलेल्या मांसालाही हाडाजवळ लालसर छटा असू शकते, म्हणून तापमापक हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसावा.

तुकडे ताटलीत काढून पाच मिनिटे तसेच ठेवले आहेत, आणि तेवढ्यात सॉस होतो. पॅनमधील चरबी चमचाभर ठेवून बाकीची काढून घेतली, की तळाशी तपकिरी खरवड दिसते. पुष्कळजण हे पॅन इथेच घासायला टाकतात, याची खरोखर हळहळ वाटते, कारण या जेवणातील सर्वांत गाढ चव त्या खरवडीतच असते. ती काळी पडून कडू झालेली नाही एवढे तेवढे पाहावे. तिच्यावर बारीक चिरलेला कांदा दोन मिनिटे परतावा, लसूण अर्धा मिनिट, आणि मग 150 मिलिलिटर स्टॉक किंवा साधे पाणी ओतून लाकडी उलथन्याने तळ मोकळा करावा. ताटलीत साठलेला रसही यातच घालावा. द्रव निम्म्यावर आला की आच बंद करून 25 ग्रॅम थंड बटर थोडे थोडे घालत पॅन फिरवत राहावे, म्हणजे बटरची चरबी सूक्ष्म थेंबांच्या रूपात द्रवात मिसळून सॉस दाट आणि तुकतुकीत होतो. तो पुन्हा उकळला तर फाटतो. तसे झाल्यास चमचाभर पाणी घालून जोरात घोटल्यावर बहुधा सावरतो. लिंबाचा रस अगदी शेवटी घालावा, आणि चव घेतल्याशिवाय मीठ वाढवू नये, कारण तुकड्यांतील मीठ खरवडीतून सॉसमध्ये उतरलेले असते.

गरम ताटलीत आधी सॉस पसरला आहे आणि त्यावर तुकडा ठेवला आहे, कातडी वर करून. तिच्यावर एक थेंबही पडू दिलेला नाही.