उशीवरून डोकं उचला

(दृश्य: रात्रीचे सव्वादोन. आयसीयूच्या दाराबाहेर सतरंज्यांवर आडवे झालेले नातेवाईक. काचेपलीकडे मॉनिटरचा हिरवा उजेड.)

दारात एक बाई उभी आहे. डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. सिस्टर दिसताच ती म्हणते, "बाई, आमचे मालक हातानं कापूस वेचल्यावानी करायलेत. मघापासून."

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाचा हा आयसीयू. या बाईचा जन्म कापूस वेचण्यात गेलाय, म्हणून तिला ते दिसलं. नवऱ्याची बोटं चादरीवरून, हवेतून काहीतरी खुडत होती. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तो काल इथं आला. त्यावरचं औषध, ॲट्रोपिन, चालू आहे.

सिस्टर तिला "झोपेत आहेत, काही नाही" म्हणून परत पाठवत नाही. खाटेशी जाते. कपाळ तापलेलं. काखेत बोटं घालून बघते, ठणठणीत कोरडी. पोटावर स्टेथोस्कोप ठेवते, आतड्यांचा आवाज नाही. नाडी १४०. ॲट्रोपिन गरजेपेक्षा जास्त झालंय. डॉक्टरांना फोन जातो. ते औषध तूर्त थांबवायला सांगतात. लक्षणं ओसरली की कमी वेगानं पुन्हा सुरू करायचं.

निदानावर सही डॉक्टरांची असते. पण डॉक्टर या खाटेशी रात्रीतून दोनदा-तीनदा येतील. सिस्टर रात्रभर इथंच आहे. काय बदललं, कधी बदललं, कुणाला सांगितलं, या तीन गोष्टी तिच्या हातात आहेत. आणि त्यातली पहिली बऱ्याचदा नातेवाइकाच्या तोंडून येते.

(दृश्य: मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा. रुग्णाची वरखाली होणारी छाती.)

ही सिस्टर नाडी बघतेय असं वाटेल. नाही. तिनं मनगट नुसतं धरलंय, नजर छातीवर आहे. श्वास मोजतेय हे कळलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून ही युक्ती. पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चूक होते, हे ती नव्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगते.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. २२ किंवा त्याच्या वर गेला आणि अंगात कुठं जंतुसंसर्ग असेल तर सावध व्हायचं. ३० च्या वर गेला तर धावायचं. रक्तात आम्ल वाढलं, फुप्फुसात पाणी भरलं, ऑक्सिजन कमी पडला, काहीही झालं तरी शरीर आधी श्वासाचा वेग वाढवतं. रक्तदाब पुष्कळ उशिरा पडतो. तरण्या माणसाच्या रक्तवाहिन्या आवळून आवळून दाब धरून ठेवतात, आणि मग तो एकदम कोसळतो. तरीही किती तक्त्यांवर रात्रभर श्वासाच्या रकान्यात २०, २०, २० असंच लिहिलेलं सापडतं! हा आकडा न मोजता लिहिता येतो, हेच त्याचं दुर्दैव.

"पण बोटाला मशीन लावलंय ना?" असं नातेवाईक विचारतात, आणि शिकणाऱ्या मुलीही विचारतात. लावलंय, ते रक्तातला ऑक्सिजन दाखवतं. पण नाकाला ऑक्सिजन असेल तर श्वास उथळ होत गेला तरी तो आकडा बराच वेळ ९८ राहतो. आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो, माणूस गुंगत जातो, आणि मशीन मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवतं. शिवाय बोटं गार पडली असतील तर आकडाच भरवशाचा नसतो.

"दम भरायलाय." "जीव घाबरा व्हायलाय." "अंग गार पडलंय." "सकाळपासून येड्यावानी बोलायलेत." ही आपल्याकडची बोली. यातलं प्रत्येक वाक्य तक्त्यावर जसंच्या तसं लिहावं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. साखरेचा आजार असलेल्या म्हातारीचा नुसता जीव घाबरा होतो, छातीत कळ येतच नाही, आणि ईसीजी काढला तर हृदयविकाराचा झटका निघतो. येड्यावानी बोलणाऱ्या माणसाची पहिल्यांदा बोटातून साखर बघायची, कारण तपासायला मिनिटसुद्धा लागत नाही. साखर बरोबर असेल तर मग इतर कारणं. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गात कधी कधी ताप येतच नाही, नुसतं बोलणं भरकटतं.

शुद्ध मोजण्याचं एक कोष्टक जगभर वापरतात. १९७४ साली ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ते मांडलं. डोळे, बोलणं, हालचाल, मिळून ३ ते १५ गुण. बोलण्याचे पूर्ण गुण द्यायचे तर रुग्णाला भान आहे का ते बघायचं असतं, म्हणून तारीख विचारतात. आता तांड्यावरच्या आजीला इंग्रजी तारीख विचारली तर ती गप्पच बसणार. तिचे गुण उगाच जातात. जाणत्या सिस्टर विचारतात, "आज कुठला बाजार?" "पोळा झाला का व्हायचाय?" "थोरल्या लेकाचं नाव काय?" आजी गोरमाटीतच, म्हणजे बंजारा बोलीतच, बोलत असेल किंवा खाटेवरच्या चाचा दखनीत उत्तर देत असतील, तर ती भाषा येणारं कुणीतरी बोलावून घेतात. कधी सफाईवाले मामाच दुभाषे होतात.

(दृश्य: खाट क्रमांक चार. एक तरुण. सिस्टर त्याच्या कानाशी वाकलेली.)

"दादा, उशीवरून डोकं उचला बरं."

चार नंबरला येऊन आज तिसरा दिवस. कीटकनाशकाचंच विष. आला तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, दंडाच्या मांसात सारखं फडफडणं. कपडे काढून साबणानं अंग धुतलं, हातमोजे घालून, कारण ते विष कातडीतूनही शिरतं. ॲट्रोपिननं छाती मोकळी झाली. काल तो चहा प्यायला. बाहेर आईनं देवाला नारळ कबूल केला.

पण या विषात एक घात असतो. पहिला जोर ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, स्नायूंची ताकद हळूहळू जाते. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी हा टप्पा वेगळा ओळखून त्याचं वर्णन केलं. सगळ्यात आधी मानेचे स्नायू ढिले पडतात. त्यानंतर दंड, मांड्या आणि श्वासाचे स्नायू. ॲट्रोपिनचा यावर उपयोग नसतो. ओळखायची सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे उशीवरून डोकं उचलायला सांगणं. ती फुकट आहे, तिला यंत्र लागत नाही.

काल रात्री त्यानं डोकं उचलून धरलं होतं. पहाटे चारला मान उशीपासून दोन बोटं वर आली आणि पडली. बोटाच्या मशीनवर ९७. श्वास २६, उथळ. बोलताना मध्येच थांबतोय.

सिस्टर फोनवर एवढंच म्हणाली, "सर, चार नंबर, तिसरा दिवस, मान उचलत नाही, श्वास सव्वीस. नळीची तयारी करून ठेवते." बरं वाटत नाही, येऊन बघा, असं मोघम ती म्हणाली नाही. डॉक्टर आले तेव्हा ट्रॉली लागलेली होती, सक्शन चालू होतं. घाईगर्दी न होता श्वासनळीत नळी बसली. अर्धा तास उशीर झाला असता तर हेच काम श्वास थांबलेल्या माणसावर करावं लागलं असतं.

(दृश्य: लघवीच्या पिशवीवरच्या रेघा.)

पिशवीकडे बघायला कुणाला आवडत नाही, पण किडनीची खबर तिथंच लागते. पन्नास किलोच्या माणसाला तासाला किमान २५ मिली. घोणस चावलेल्या रुग्णाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली की सिस्टर लगेच कळवते. त्याच रुग्णाचं रक्त कोरड्या, स्वच्छ काचनळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही, तर विष रक्तात पसरलंय.

विंचवाचंही असंच. लाल विंचू चावलेलं लेकरू घामानं थबथबलेलं असतं, हातपाय गार. प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं ते आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, कोकणात महाडला काम करताना. औषध लागू पडलं की पावलं ऊबदार होतात. सिस्टर म्हणून तळवे चाचपत राहते.

(दृश्य: खाट क्रमांक तीन. व्हेंटिलेटरचा संथ आवाज.)

तीन नंबरला मण्यार चावली. जमिनीवर झोपलेली असताना, रात्री. ना सूज, ना धड खूण. पहाटे पोटात दुखतंय म्हणाली, मग पापण्या जड झाल्या, मग गिळता येईना. प्रतिविष दिलं, पण मण्यारीचं विष नसांच्या टोकांना इजा करतं. ती भरून यायला दिवस लागतात. तोवर यंत्र श्वास देतं.

आता ती हलत नाही. चिमटा काढला तरी नाही. बाहुल्या मोठ्या, टॉर्चला दाद देत नाहीत. बाहेर कुणीतरी बोललंसुद्धा की आता काही राहिलं नाही, घरी न्या. पण मेंदूला काही झालेलं नाही. बाहुलीचे स्नायूही विषानं लुळे पडलेत, एवढंच. आत ती जागी असू शकते. वेदना कळत असतील, बोलणंही. म्हणून झोपेचं आणि वेदनेचं औषध चालू आहे, आणि सिस्टर कूस बदलण्याआधी तिला सांगते, "ताई, डावीकडं वळवते हं."

सकाळचे आठ. पाळी बदलतेय. दोघी खाटेखाटेशी थांबतात. एक नंबर, साखर. चार नंबर, नळी पहाटे. तीन नंबरशी आल्यावर रात्रपाळीची सिस्टर पायथ्याशी उभी राहून बोलत नाही, दोन पावलं मागं सरकते, आवाज खाली आणते.

"हिला ऐकू येतंय असं धरून चाल. लेकराचं नाव घेऊन बोलत जा. धाकटी पहिलीत आहे."