ताडोब्यातलं चितळ, ऑस्ट्रेलियातली बंदूक

नमस्कार मंडळी. ताडोब्यात जिप्सी थांबते, समोर चितळांचा कळप असतो आणि आपण श्वास रोखून बघत बसतो. तेच चितळ ऑस्ट्रेलियात उपद्रवी जनावर म्हणून मारतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन हॅरिस नावाच्या डॉक्टरने ते आपल्या भारतातून ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात नेऊन पाळलं. पुढे सांबरही ऑस्ट्रेलियात पोहोचलं. तिथे ना वाघ, ना बिबट्या. हरणं वाढली, कोवळी झाडं ओरबाडली जाऊ लागली. भरीला बाहेरून आलेले कोल्हे, डुकरं, बकऱ्या होत्याच.

मग हौशी शिकाऱ्यांना सरकारी जंगलात सोडलं तर?

न्यू साउथ वेल्सने २००२ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि शिकारीचा कारभार बघणारी ‘गेम कौन्सिल’ ही संस्था नेमली. सरकारच्या लाकूडतोडीच्या जंगलांत शिकार सुरू झाली. तिथे जाणाऱ्या शिकाऱ्याकडे लायसन्स हवं, त्या जंगलाचं आधी बुकिंग हवं, लेखी परवानगी आणि जीपीएस सोबत हवं. अंगावर भडक केशरी कपडा हवा. हरणाला हा रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला झाडीतला माणूस लगेच ओळखू येतो. केशरी कपड्याची सक्ती कशासाठी, हे त्या जंगलात फिरायला जाणाऱ्या कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

इथवर मला समजू शकतं. पुढचं मात्र मला अजिबात पटलेलं नाही.

मे २०१२. मुख्यमंत्री बॅरी ओ’फॅरल यांना सरकारी वीजनिर्मिती केंद्रं विकायची होती. वरिष्ठ सभागृहात ४२ सदस्य, त्यात शिकाऱ्यांच्या पक्षाचे फक्त २; पण त्या दोघांशिवाय बहुमत जुळेना. सौदा ठरला आणि ७९ राष्ट्रीय उद्यानं व राखीव क्षेत्रं शिकारीला खुली करायची घोषणा झाली. राष्ट्रीय उद्यानांत शिकार होऊ देणार नाही, असं याच ओ’फॅरल यांनी आधी सांगितलेलं होतं! जंगल सगळ्या जनतेचं, आणि निर्णय झाला वीजकेंद्रांच्या विक्रीसाठी.

बरं, त्याने हरणं तरी कमी होतात का? हौशी शिकाऱ्याचा डोळा मोठ्या शिंगांच्या नरावर असतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे चार नर गेले तरी पाडसं तेवढीच जन्मतात. संख्या उतरवायची तर माद्या माराव्या लागतात, तेही वर्षानुवर्षं. जनावरं विरळ झाली, दिवसभर पायपीट करून एकही दिसेना, की हौस म्हणून आलेला माणूस दुसरीकडे जातो. खरं काम नेमकं तेव्हा सुरू होतं.

२०१३ मध्ये सरकारनेच नेमलेल्या चौकशीने गेम कौन्सिलच्या मुळावर बोट ठेवलं: शिकारीचा प्रचार करणारी आणि शिकाऱ्यांवर नियंत्रण ठेवणारी संस्था एकच कशी? कौन्सिल बरखास्त झाली. ७९ उद्यानांची योजना गुंडाळली गेली आणि १२ उद्यानांत वेगळा प्रयोग झाला. तिथेही स्वयंसेवक नेमबाजच होते, पण उद्यानाच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या प्राणी-नियंत्रणाच्या आराखड्यानुसार काम करणारे. असा प्रस्ताव आधी आला असता, तर मी त्याच्या बाजूने बोलले असते.