पहिलं डिकॉक्शन कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो.

आज सकाळी माझा कॉफीचा फिल्टर तुंबला. स्टीलचा आहे, लग्नात मिळालेला, चाळीस वर्षं होत आली. वरच्या भांड्याची भोकं बुजली की पाणी खाली उतरत नाही, नुसतं बसून राहतं. मग मी एकच करते. ते भांडं सांडशीत धरायचं, गॅसच्या आचेवर फिरवायचं, भोकांतली पूड चुरचुरत जळून जाते. थंड झालं की धुवायचं आणि खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरायचं. सगळ्या भोकांतून ऊन दिसलं, की फिल्टर तयार. ही रीत मला मामींनी शिकवली. आणि आज मी मामींबद्दलच बोलणार आहे.

पण आधी आजीचं सांगते, नाहीतर तिला वाईट वाटेल.

आमच्या साताऱ्याच्या घरी कॉफी म्हणजे दुधातली कॉफी. तुमच्याही घरी तीच असणार. आटत आलेलं दूध, साखर, वेलदोडा आणि जायफळ. घरात चहा रोजचा, कॉफी मात्र कारणाची. कुणी आजारातून उठलं, व्याही आले, हरतालिकेचं जागरण असलं, तर कॉफी. आजी जायफळ सहाणेवर दोन वळसे उगाळायची, तिसरा नाही. आजकाल जायफळाची तयार पूड मिळते, ती कृपा करून आणू नका. जायफळाचा वास उगाळल्यापासून पाच मिनिटांचा असतो, डबीत काही उरत नाही. आणि गंमत बघा, जायफळ आपण बाळाला झोप यावी म्हणून देतो, कॉफी जाग यावी म्हणून पितो, आणि आपल्या आज्यांनी ती दोन्ही एका पातेल्यात घातली! ती कॉफी पिऊन मला कायम झोपच लागली. आजीच्या मांडीवर. कॉफीची आवड लागली ती तिथे.

आता मामी.

आम्ही माटुंग्याला राहायचो. वडील रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये, आई परळच्या एका इस्पितळात नर्स. माटुंगा म्हणजे तेव्हाही आणि आताही तमिळ मंडळींचं गाव. सकाळी फुलवाल्यांकडचा मोगरा आणि कॉफी भाजल्याचा वास, दोन्ही एकदम यायचे. आमच्या समोरच्या दारात एक तमिळ कुटुंब होतं. त्या बाईंना सगळी बिल्डिंग मामी म्हणायची. मराठीत मामाची बायको मामी, तमिळमध्येही मामाची बायको मामीच. शब्द एकच असल्यामुळे मला लहानपणी वाटायचं, त्या खरोखरच माझ्या आईच्या भावजय आहेत.

कॉफीचा इतिहास सांगायला हवा, तो थोडक्यात सांगते. सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुदन हज करून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया घेऊन आले आणि कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, असं सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफी होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. बाकी चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, किती घालावी वगैरे वाद आहेत, ते आज नको.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फिल्टरमध्ये पूड दाबून त्यावर उकळतं पाणी ओतलं की थेंब थेंब उतरतं ते पहिलं डिकॉक्शन. दाट, काळं, कॉफीचा सगळा जीव त्यात. मग त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतायचं. ते दुसरं डिकॉक्शन. पातळ, फिकट. पहिलं आणि दुसरं. तेव्हा पुष्कळ घरांत पहिलं डिकॉक्शन कर्त्या पुरुषाचं आणि पाहुण्याचं असायचं. दुसरं, करणारीचं.

मामींच्या घरीही तसंच होतं. पहाटे साडेचारला उठून पूड भरायची ती मामींनी, आणि दुसरं प्यायचं तेही मामींनी. मामा माणूस सज्जन. त्यांच्या कधी मनातच आलं नसेल.

तर १९७४ साल. मे महिना. ८ मेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस पुढे होते, सुमारे १७ लाख कामगार संपात. वडीलही होते. धरपकड चालली होती म्हणून वडील घरी झोपत नव्हते, कुठे आहेत तेही आम्हाला ठाऊक नसायचं. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ सहाचा. पगार बंद. आईने रात्रपाळ्या मागून घेतल्या. आरेच्या दुधाच्या दोन बाटल्या यायच्या, त्याची एक झाली, आणि ती भावाची. घरात चहा कोरा.

लोकलचं काही खरं नव्हतं. बसना ही गर्दी. आणि बसचे पैसेही वाचवायचे होते. तर आई परळहून माटुंग्यापर्यंत चालत यायची. रात्रभर वॉर्डात उभं राहून, मग मे महिन्याच्या उन्हात चालत.

एका सकाळी आठ वाजून गेले तरी आई आली नाही. मी दारात उभी. खाली जिन्यात डोकावले, तर आई पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे पायरीवर बसलेली. पांढरी साडी, पांढरे बूट, मांडीवर पर्स. डोकं भिंतीला टेकवलेलं. रडत नव्हती. नुसती बसली होती. फक्त सात पायऱ्या उरल्या होत्या, मी मोजल्या. पण त्या तिच्याने चढवत नव्हत्या. आणि मी हाक मारायला घाबरले, कारण आईला असं थांबलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

(एक सांगू का? तुमच्या बिल्डिंगमध्ये रात्रपाळीहून येणारी कुणी असेल ना, तर तिला जिन्यात थांबवून चौकशा करू नका. पाण्याचं बिल, सोसायटीची मीटिंग, सगळं संध्याकाळी. तिला वर जाऊ द्या.)

मामींचं दार उघडंच असायचं. मामा पेपर वाचत खुर्चीत. मामींनी नुकतीच त्यांची कॉफी डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये, टंबलरमधून डबऱ्यात ओतून फेस आणला होता. मामांनी पेपरवरची नजर न काढता हात पुढे केला. रोजच्यासारखा. आणि मामींनी माझ्याकडे पाहिलं. मग मी कुठे बघतेय ते पाहिलं.

श्रोतेहो, मामी त्या पुढे केलेल्या हाताच्या शेजारून गेल्या. तो हात तसाच. मामी दाराबाहेर, नऊवारीसारखी ती त्यांची लांब साडी एका हाताने उचललेली, दुसऱ्या हातात कॉफी. सात पायऱ्या उतरल्या आणि आईच्या शेजारी बसल्या.

आई म्हणाली, "मामी, ही मामांची आहे."

मामी म्हणाल्या, "त्यांना सेकंड चालेल. सिस्टर, तू पी."

आईने पदराने टंबलर धरला. इतका गरम होता. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मामी काही बोलल्या नाहीत. आईचे बूट सोडवू लागल्या. आईने पाय मागे घेतला, तर मामींनी तो घट्ट धरून ठेवला. रात्रभर दुसऱ्यांचं करून आलेल्या आईचे बूट कुणीतरी सोडवत होतं, आणि मी वरून बघत होते.

दोघी वर आल्या तेव्हा मामा स्वतः उठून दुसरं डिकॉक्शन दुधात घालत होते. दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला मामांचाच आवाज आला, "फर्स्ट सिस्टरला ठेव." संप २७ मेला मागे घेतला, तोवर रोज पहिलं डिकॉक्शन आमच्या आईचं. रोज. एकही दिवस चुकला नाही.

वडील कामावर परत घेतले गेले, पगार हातात आला. आईने मला पैसे दिले आणि पाव किलो कॉफी दळून आणायला पाठवलं. तशी कामं मुलांना सांगत जा, दुकानात एकटं गेल्याने मुलं शहाणी होतात. कागदाची पुडी गरम होती, मी ती छातीशी धरून आणली, फ्रॉकला दोन दिवस वास होता.

आई ती पुडी घेऊन मामींच्या स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, "आज मी करणार. तुम्ही बसा." मामी बसेनात. आईने खांद्याला धरून पाटावर बसवलं. फिल्टर भरला. ते थेंब पडायला किती वेळ लागतो! तिघी गप्प बसलो होतो. मग आईने पहिलं डिकॉक्शन, सगळं, मामींच्या टंबलरमध्ये घातलं. वर दूध. फेस आणला, मामींसारखा नाही आला. आणि दिलं.

मामींनी एक घोट घेतला. थांबल्या. तोंड वेडंवाकडं केलं.

"फार कडक आहे गं," म्हणाल्या.

लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती. रोज पहाटे स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं डिकॉक्शन कसं लागतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. आई आधी हसली. पूर्ण महिन्यात पहिल्यांदा हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मामींच्याही.

मामी उठल्या. ओट्यावर दुसरं डिकॉक्शन उतरत होतं. त्यांनी एक पातेली घेतली. टंबलरमधली कॉफी त्यात ओतली, दुसरं डिकॉक्शनही त्यातच ओतलं, दूध वाढवलं, चमच्याने ढवळलं. मग चार टंबलर मांडले. मामांचा, आईचा, स्वतःचा, आणि एक छोटा, माझा. माझी पहिली फिल्टर कॉफी ती.

त्या दिवसापासून त्या घरात दोन्ही डिकॉक्शनं एकत्र होऊ लागली. कॉफीतले जाणकार मला सांगतात, असं करू नये, पहिल्याची चव बिघडते. बिघडत असेल. मी फिल्टर भरते, पहिलं उतरवते, दुसरं उतरवते, दोन्ही एका पातेलीत ओतते आणि ढवळते. आज सकाळीही तसंच केलं. फक्त फिल्टर तुंबला होता, म्हणून जरा उशीर झाला.

नमस्कार.