टू-स्ट्रोकचं हेड आरशासारखं चमकवायचं का?

नमस्कार मंडळी!

(हेड कॅमेऱ्यासमोर धरायचं)

हे यामाहा आरएक्स 100 चं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. आतली वाटी बघा, माझा मोबाईल दिसायलाय त्याच्यात. बफिंगवाल्याकडून, म्हणजे धातूला पॉलिश मारणाऱ्याकडून, चकाचक करून आणलंय आणि मालकाचा प्रश्न एकच, "दादा, आता पिकअप वाढंल ना?"

बफमुळं? नाही वाढणार. फरक जाणवलाच तर तो जुना कार्बन निघाल्याचा असेल.

चमकीच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, गुळगुळीत धातू उष्णता परत फेकतो, म्हणजे ती हेडमध्ये न मुरता पिस्टन ढकलायच्या कामी येते. ऐकायला पटतं. पण पेट्रोल इंजिनात भिंतीत जाणारी बहुतेक उष्णता झळ लागून जात नाही. तापलेला वायू आत घुसळतो, भिंतीला घासत जातो आणि तिथं उष्णता सोडतो. डिझेलच्या ज्वाळेत काजळीचे कण लाल होऊन झळ मारतात, तिथलं गणित थोडं वेगळं. आपल्या गाडीत चमकीला परत फेकायला फारसं काही मिळतच नाही.

आणि ती चमक टिकते किती? टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. त्याचा काळा थर वाटीवर बसला की बफिंगचे पैसे झाकले गेले. 1985 ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पुढच्या वर्षी एम-80 ही टू-स्ट्रोक गाडी आली, आणि दुधाचे कॅन लटकवलेल्या एम-80 बघतच आपण मोठे झालो. त्या काळापासून एक सवय लागलीय. लिटरला 20 मिली ऑइल सांगितलं तर "गाडीला जपायचं" म्हणून 40 ओतायचं. जपणं बाजूला राहतं, कार्बन तेवढा दामदुप्पट.

मग हेडच्या फिनिशला अर्थच नाही का? आहे. फक्त चकाकी सोडा आणि कड बघा.

(क्लोजअप: प्लगचं भोक)

हा शेवटचा आटा. प्लग आखूड निघाला तर हा उघडा पडतो. पातळ कड, तिच्यातली उष्णता मागं जायला जागा नाही. टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतं. 6000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 100 वेळा. फोर-स्ट्रोकला याच्या निम्मं. अशात पातळ कडेला थंड व्हायला उसंतच नाही. ती निखाऱ्यासारखी लाल होते आणि स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. पिस्टन अजून वर चाललाय आणि स्फोट त्याच्या डोक्यावर. पुढं काय, तर वितळलेला पिस्टन, कधी सरळ भोक. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, डबलसीट बीडच्या घाटातून गाडी काढणाऱ्याला हे जास्त महागात पडतं.

कड शोधायला मशीन लागत नाही. कापूस तर आपल्या शेतातच आहे. सुटा कापूस वाटीतून हलक्या हातानं फिरवा. जिथं तंतू अडकला, तिथं धार आहे. प्लगचं भोक, वाटी आणि कडेची सपाट पट्टी मिळते तो कोपरा, हेडखालचं पॅकिंग आत डोकावतंय का, एवढ्या जागा बघितल्या तरी पुष्कळ झालं. बारीक पॉलिश पेपरनं धार मोडायची, बस्स.

जास्त घासायचा तोटा सांगतो, कारण हा कुणी सांगत नाही. आरएक्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी, 50 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव, तीही 50, म्हणजे 98 सीसी. हेडमधली जागा समजा 9 सीसी आहे. बफवाल्यानं सगळीकडून पाव मिलिमीटर उडवलं तर जवळपास अर्धा सीसी वाढला. साध्या गणितानं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 11.9 वरून 11.3 वर. पिकअप वाढवायला गेलात आणि गमावून आलात! शिवाय कडेची सपाट पट्टी, जिला स्क्विश म्हणतात, तिच्यात आणि पिस्टनमध्ये फट मोजूनमापून ठेवलेली असते. ती वाढली की मिश्रण मध्यभागी जोरात ढकललं जात नाही.

आता ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात खाली-वर होतो ते सिलिंडर. इथं चमक तोट्याचीच. बोअरिंगनंतर होनिंगच्या, म्हणजे बारीक दगडानं घासल्याच्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत, ऑइल त्यातच धरून राहतं. आरशासारखा बोअर करून देणाऱ्याला नमस्कार करायचा आणि दुसरा लेथवाला गाठायचा. त्यालाही विचारा, पोर्टच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या वायू जायच्या-यायच्या खिडक्यांच्या, कडा मारून बोथट केल्या का? नाही मारल्या तर रिंग अडकते, तुटते, आणि नवीन किट गेलंच म्हणून समजा. एक्झॉस्ट पोर्ट मात्र खुशाल गुळगुळीत करा, तिथं कार्बन कमी चिकटतो.

साफ करताना स्क्रू-ड्रायव्हर लांब ठेवा. अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की त्याच्या काठाला नवीन धार तयार, आणि कार्बनला बसायला खाच. रॉकेल नाहीतर पेट्रोल लावून मऊ होऊ द्या, मग बांबूच्या कामटीनं खरवडा. त्याआधी भोकात जुना प्लग पिळून ठेवा, आट्यात घाण जात नाही. पेपर मारला असेल तर शेवटी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, कारण पेपरची कच बोअरमध्ये उतरली तर रिंगा खाते.

बसवताना नट एकदम आवळू नका. समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. आणि नवा प्लग घेताना दुकानदारानं दिला तो न घेता जुन्याशेजारी धरून आट्याची लांबी जुळवून घ्या.