गावच्या पाटीवर आकडा आहे, नावं शोधायचीत

नमस्कार मंडळी. साताऱ्यात सैनिकांवर बोलायचं म्हणजे दडपणच येतं, कारण समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात कुणी ना कुणी फौजेत असणारच. म्हणून लढायांवर मी फार बोलत नाही, मी एका पाटीबद्दल बोलतो.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, मजकूर इंग्रजी, की या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, आणि खाली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बस, नावं नाहीत. अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहितीये, त्या एका गावचे ४६ जण कामी आले, पण जिथे पाटीवर नुसता चारचा आकडा आहे तिथे ते चौघं कोण हे सांगणारं आता कुणी उरलं नाही आणि मला हे फार लागतं. चार माणसं म्हणजे चार घरं होती हो.

मी गेलो त्या गावात पाटीवर चुन्याचे हात बसलेले. अशा पाटीला तारेचा ब्रश नको, अ‍ॅसिड तर अजिबात नको, नुसतं पाणी मारायचं आणि अंधार पडल्यावर भिंतीला लागून आडवा टॉर्च धरायचा, अक्षरं उठून दिसतात, मग फोटो काढायचा.

तिथल्याच एका घरात आजींनी मला देवघर दाखवलं. देवांमागे बशीएवढी काशाची चकती, त्यावर उभी बाई आणि शेजारी सिंह, आणि त्या बाईला रोजचं हळदकुंकू. घरातले तिला देवीच समजत होते. ती ब्रिटानिया, म्हणजे युद्धात मेलेल्याच्या घरी सरकारनं पाठवलेली चकती. कुंकवाचा थर मी आजींना विचारूनच ओल्या फडक्यानं हळू पुसला तर चौकटीत नाव निघालं, त्यांच्या चुलत सासऱ्यांचं. आजी कितीतरी वेळ त्या नावावर बोट ठेवून बसल्या होत्या.

पण त्या चकतीवर नुसतं नाव असतं, हुद्दा नाही, पलटण नाही. युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, तिच्या वेबसाइटवर शोधायला गेलं की एकाच नावाचे ढीगभर शिपाई येतात, आडनाव पुष्कळदा नसतंच, कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं, शिंदेचं सिंदे झालेलं, जिल्हाही जुना, म्हणजे महाड माणगाव कुलाब्यात आणि सावंतवाडीकडचं कुणी असेल तर आजचा सिंधुदुर्ग विसरायचा. अशा वेळी ट्रंकेतलं मेडल काढा. त्याच्या चेहऱ्यावर काही नाही मिळणार, कडेवर बघा, बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आजींच्या घरच्या मेडलवर ११० मराठा लाइट इन्फंट्री निघाली आणि तिथून सगळं उलगडत गेलं.

कारण ११०, १०३ आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या, आणि ही डिव्हिजन इराकात कुत-अल-अमारामध्ये डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली, शेवटी २९ एप्रिल १९१६ ला उपाशीपोटी शरण आली, मग कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात किती जण वाटेतच गेले. आजींच्या माणसाच्या मृत्यूची तारीख शरणागतीनंतरची आहे. थडगं नाही. स्मारक इराकातल्याच बसऱ्याचं.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. बसरा मेमोरियलवर ४०,००० च्या वर माणसांची आठवण आहे, पण हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. म्हणजे गावच्या पाटीवर आकडा, तिकडे बसऱ्यालाही आकडाच! २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीनं मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार जणांची, त्यात आपले बरेच, आठवण बरोबरीनं जपली गेली नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या माणगावजवळच्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगेंचं थडगंही सापडलेलं नाही, पण त्यांचं नाव इटलीत कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. शिपायांनाही तेच मिळायला हवं होतं.

त्या गावचं एक नाव लागलं, तीन राहिलीत. तुमच्यापैकी कुणाचं आजोळ तिकडचं असेल तर घरी जाऊन ट्रंक उघडा, मेडलच्या कडेचा फोटो काढा, आणि देवघरात सिंहाशेजारी उभी बाई असेल तर कुंकू पुसण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला फोन करा, मी स्वतः येतो.