काचेच्या आतलं धुकं

नमस्कार, श्रोतेहो. डोंगर, नद्या, पहाटेचं धुकं यांचे फोटो काढायचे आणि त्यांचे प्रिंट विकायचे, असा माझा छोटासा व्यवसाय आहे. वर्षभर तो निवांत चालतो. सुट्ट्या जवळ आल्या की मात्र अंगावर येतो, कारण सगळ्यांना भेटवस्तू हवी असते आणि ती एकाच आठवड्यात हवी असते.

पहिल्याच हंगामात मी धुक्याच्या एका फोटोचे तीस प्रिंट एका दमात काढले. पडद्यावर ते धुकं दुधासारखं दिसत होतं, कागदावर उतरलं ते राखेसारखं. चूक प्रिंटरची नव्हती. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. मी पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून रंग बसवले होते आणि म्हणून फोटो गरजेपेक्षा गडद ठेवला होता. आता मी पडदा मुद्दाम मंद ठेवतो. शिवाय फोटोच्या एका पट्टीचा आधी नमुना काढतो आणि तो दिवसा खिडकीपाशी, रात्री दिव्याखाली धरून बघतो. विकत घेणारा तो बैठकीच्या खोलीतच लावणार आहे, प्रदर्शनाच्या झोतात नाही.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या नामवंत अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. त्या एकाच निगेटिव्हचे प्रिंट ते पुढे कित्येक वर्षं काढत राहिले आणि त्यातलं आकाश काळंभोर होत गेलं. एवढ्या मोठ्या माणसाचंही समाधान पहिल्या प्रिंटवर झालं नाही, तर मी एका पट्टीचा कंटाळा कशाला करू?

दुसरी डोकेदुखी मापांची. बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोटो तीनास दोन या प्रमाणात येतो. ग्राहकाकडे तयार फ्रेम असते आठ बाय दहाची. आठ इंच उंची धरली तर फोटोची लांबी बारा इंच होते. म्हणजे दोन इंच, फोटोचा सहावा भाग, कापायचा. नेमकं त्याच टोकाला एकटं झाड उभं असतं! म्हणून मी मापं तीनच ठेवतो आणि फोटो न कापता भोवती माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, देतो. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो इंचाला तीनशे ठिपक्यांनी वीस बाय तेरा इंचांच्या आसपास जातो. भिंतीवर लांबून बघायचा असेल तर त्याहून मोठाही चालतो.

आता वाळवण्याचं. इंकजेट प्रिंट हाताला कोरडा लागतो, पण शाईतले द्रव पुढेही हळूहळू उडत असतात. निदान एक दिवस तो मोकळा ठेवायला हवा. एकदा घाईत मी तसाच काचेखाली बसवून पाठवला. चार दिवसांनी बाईंचा फोन, ‘‘अहो, आत धुकं दिसतंय.’’ मी म्हटलं, ‘‘धुक्याचाच फोटो आहे तो.’’ त्या म्हणाल्या, ‘‘फोटोतलं नाही, काचेवरचं!’’ प्रिंट परत मागवला, काच पुसली, आणि दोन्हीकडचा कुरिअरचा खर्च मुकाट्यानं सोसला.

तेव्हापासून ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख मी उलटी मोजतो. भेट द्यायच्या दिवसापासून मागे कुरिअरचे दिवस, मग एखादा प्रिंट बिघडलाच तर त्याचे, मग वाळवण, मग छपाई. जी तारीख येते ती महिनाभर आधी जाहीर करतो. तरी ती उलटल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येतोच, ‘‘एकच तर हवाय हो.’’

पूर्वी मी विरघळायचो. आता अशा ग्राहकाला त्याच फोटोचा पोस्टकार्डाएवढा प्रिंट जाड पाकिटात घालून देतो, मागे पेन्सिलीनं लिहितो, ‘मोठा येतो आहे’. मोठा प्रिंट सुट्ट्या संपल्यावर, नीट वाळवून जातो. गेल्या खेपेला एकांनी कळवलं, मोठा अजून गुंडाळलेलाच आहे, आणि छोटा मात्र टेबलावर उभा करून ठेवलाय.